स्थलांतरितांचे आरोग्य व परिचर्या

आपले नेहमीचे वसतिस्थान सोडून दुसऱ्या प्रदेशात अथवा देशात नुकत्याच आलेल्या लोकांच्या आरोग्यविषयक गरजांचा शोध घेणे, त्यांच्या विकारांवरील उपचारांत साहाय्य करणे आणि रोगप्रतिबंध व आरोग्यशिक्षण यांची तजवीज करणे, या कार्यास स्थलांतरितांची परिचर्या म्हणतात. सार्वजनिक आरोग्य परिचर्येची ती एक शाखा होय. उद्योगधंद्यासाठी वा शिक्षणासाठी स्वेच्छेने आलेले लोक, विवाहामुळे गाव सोडलेल्या स्त्रिया, हंगामी मजूर आणि युद्ध, छळ वा नैसर्गिक आपत्ती यांमुळे परागंदा झालेले निर्वासित असे स्थलांतरितांचे अनेक प्रकार असून त्यांच्या गरजाही भिन्न असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थलांतरितांची संख्या सु. ३०.४ कोटी होती. भारताच्या २०११ च्या जनगणनेत देशांतर्गत स्थलांतर केलेल्यांची संख्या सु. ४५ कोटी आढळली. त्यांत विवाहानिमित्त स्थलांतर केलेल्या स्त्रियांचा वाटा सर्वांत मोठा होता.

परका मनुष्य रोग घेऊन येतो, ही समजूत फार जुनी आहे. तीत तथ्यांश असला, तरी ती अपुरी आहे. नवागतांत आढळणारे विकार तीन ठिकाणी उद्‌भवतात : मूळ प्रदेशात, प्रवासात आणि आगमनानंतरच्या राहणीत. यांपैकी तिसऱ्या प्रकाराकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले. कामधंद्यासाठी देशांतर करणारे बहुतेक जण तरुण व धडधाकट असतात आणि आगमनाच्या वेळी त्यांचे आरोग्य पुष्कळदा स्थानिक लोकांहून सरस असते; पुढे कोंदट घरे, जड कामे, बदललेला आहार व उपचारांतील अडथळे यांमुळे ते खालावत जाते. या ऱ्हासास आळा घालणे, हे परिचर्येचे मुख्य प्रयोजन आहे.

ऐतिहासिक आढावा : नवागतांच्या आरोग्याविषयीची प्रारंभीची व्यवस्था स्थानिकांच्या संरक्षणासाठी होती. एड्रिॲटिक समुद्रावरील रगूझा (सध्याचे क्रोएशियातील दुब्रॉव्हनिक) या नगरराज्याने प्लेगच्या भीतीने १३७७ मध्ये बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली व चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटीन’ (विलग्नवास) ही संज्ञा रूढ झाली.

या पद्धतीचे सर्वांत मोठे आधुनिक उदाहरण म्हणजे न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावरील तपासणी केंद्र होय. १८९२ ते १९५४ या काळात तेथून सु. १.२ कोटी लोक अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आले. जहाजाच्या तळमजल्यावरील स्वस्त वर्गातून आलेल्या उतारूंची रांग डॉक्टरांसमोरून काही सेकंदांच्या अंतराने पुढे सरके. संशयित व्यक्तीच्या कपड्यांवर खडूने अक्षर लिहून तिला बाजूला काढीत. खुपरी हा नेत्ररोग ओळखण्यासाठी पापण्या उलटून पाहत, ही तपासणी लोकांना विशेष धास्तीची वाटे. वरच्या वर्गांतील उतारूंची मात्र जहाजावरच जुजबी पाहणी होई. सर्व कारणे धरून परत पाठविलेल्यांचे प्रमाण सु. दोन टक्केच होते. तथापि या तपासणीत उत्तीर्ण झालेल्या माणसाचे पुढे काय होते, हे पाहण्याची जबाबदारी त्या व्यवस्थेवर नव्हती.

ती जबाबदारी परिचारिकांनी उचलली. लिलियन वॉल्ड (१८६७–१९४०) ही प्रशिक्षित परिचारिका १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाट वस्तीत नवागत स्त्रियांना गृहपरिचर्येचे धडे देत असता, एका लहान मुलीने तिला आपल्या आजारी आईकडे नेले. तेथील दैन्य पाहून तिने मेरी ब्रूस्टर या सहकारी परिचारिकेसह त्याच वस्तीत राहण्यास सुरुवात केली. यातूनच हेन्री स्ट्रीट येथील सेवाकेंद्र उभे राहिले. घरी जाऊन शुश्रूषा करणे, ऐपतीप्रमाणे शुल्क घेणे वा मुळीच न घेणे, आणि रोगाबरोबर घर, पाणी, काम व शाळा यांचाही विचार करणे, ही त्याची सूत्रे होती. १९१३ पर्यंत तेथील परिचारिकांची संख्या ९२ वर गेली. ‘सार्वजनिक आरोग्य परिचारिका’ ही संज्ञाही वॉल्ड हिनेच रूढ केली.

याच केंद्रातील लीना रॉजर्स हिची १९०२ मध्ये चार शाळांवर प्रायोगिक नेमणूक झाली. तोपर्यंत खुपरी, खरूज, गजकर्ण किंवा उवा आढळलेल्या मुलांना डॉक्टर घरी पाठवीत. मात्र घरी उपचार कोणी व कसे करावे, हे आईबापांना कोणी सांगत नसे. त्यामुळे मूल शाळेला मुके आणि रोगही कायम राही. परिचारिकेने शाळेतच किरकोळ उपचार केले व घरी जाऊन आयांना ते शिकविले. वर्षभरात आजारामुळे होणारी अनुपस्थिती सु. नऊ-दशांशाने घटली. नवागताला वगळण्यापेक्षा त्याच्यावर उपचार करणे समाजालाही अधिक हितकर असते, हे या प्रयोगाने स्पष्ट झाले.

मूळ प्रदेशाशी निगडित विकार : क्षयरोगाचे प्रमाण जास्त असलेल्या देशांतून आलेल्या अनेकांच्या शरीरात त्या रोगाचे जंतू सुप्तावस्थेत असतात. अशा व्यक्तीस कोणतेही लक्षण नसते व तिच्यापासून इतरांना संसर्गही होत नाही. परंतु कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही संसर्ग यांमुळे सुप्त जंतू सक्रिय होऊ शकतात व हा धोका आगमनानंतरच्या पहिल्या काही वर्षांत अधिक असतो. ट्युबरक्युलीन चाचणीची प्रतिक्रिया ४८ ते ७२ तासांनी पाहावी लागते आणि पूर्वी बीसीजी लस घेतलेली असल्यास तिचा अर्थ सावधपणे लावावा लागतो, हे परिचारिकेने ध्यानात ठेवणे आवश्यक असते [→ क्षयरोग].

ब प्रकारचा यकृत्‌शोथ पुष्कळदा मातेकडून नवजात अर्भकास होतो व वर्षानुवर्षे लक्षणांवाचून राहतो. म्हणून गर्भवतीची तपासणी व अर्भकास जन्मानंतर २४ तासांच्या आत लस देणे महत्त्वाचे ठरते. आतड्यांतील कृमींपैकी स्ट्राँगिलॉइडीस हा सूत्रकृमी विशेष लक्षणीय आहे. तो शरीरात अनेक दशके टिकतो. एरवी तो फारसा त्रास देत नाही, परंतु दम्यासारख्या विकारावर स्टेरॉइड औषधे दिली गेली, तर तो अनावरपणे वाढून प्राणघातक ठरू शकतो. त्यामुळे रुग्ण मूळचा कोणत्या प्रदेशातील आहे, हा प्रश्न आगमनानंतर वीस वर्षांनीही विचारावा लागतो.

आहारातील न्यूनता हा याच गटातील आणखी एक प्रकार. लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय स्त्रियांत व बालकांत सर्रास आढळतो. नेपाळमधील छावण्यांत सु. दोन दशके राहिलेल्या भूतानी निर्वासितांचे अमेरिकेत पुनर्वसन २००८ पासून सुरू झाले. दूध, अंडी व मांस क्वचितच मिळालेल्या या लोकांत ब१२ जीवनसत्त्वाची न्यूनता मोठ्या प्रमाणावर दिसून आली. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विसराळूपणा ही तिची लक्षणे थकवा किंवा मानसिक त्रास समजून दुर्लक्षिली जाण्याचा संभव असतो.

प्रवासात व छावण्यांत उद्‌भवणारे विकार : सक्तीच्या स्थलांतरात अतिसार, गोवर, श्वसनमार्गाचे विकार व हिवताप हे मृत्यूचे प्रमुख कारण ठरतात. पाणी व शौचकूप यांची सोय होण्यापूर्वीच हजारो लोक एकत्र येतात, हे त्याचे मूळ होय. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून (सध्याचा बांगला देश) सु. एक कोटी निर्वासित भारतात आले, तेव्हा पश्चिम बंगालमधील बनगाव येथे पटकीची तीव्र साथ उद्‌भवली. शिरेतून द्यावयाचा द्रव संपत आल्यामुळे डॉ. दिलीप महालनबीस (१९३४–२०२२) यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाण्यातील मिश्रण तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. ते भांड्यातून रुग्णांना पाजण्याचे काम त्यांच्या नातेवाइकांकडेच सोपविण्यात आले. मृत्यूचे प्रमाण सु. ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांपर्यंत खाली आले. जलसंजीवनीच्या जगभर झालेल्या प्रसारास या अनुभवाने मोठी चालना दिली. मनुष्यबळ अपुरे असता रुग्णाच्या आईला वा बहिणीला शिकवून परिचर्येत सामील करून घेता येते, हा त्याचा दुसरा धडा होय.

आगमनानंतर उद्‌भवणारे विकार : नव्या ठिकाणी स्वस्त म्हणून मिळालेले घरच कधी रोगाचे कारण बनते. सन २००० मध्ये अमेरिकेतील न्यू हँपशर राज्यात, आगमनानंतर काही आठवड्यांतच एका दोन वर्षांच्या सूदानी निर्वासित मुलीचा शिशाच्या विषबाधेने मृत्यू झाला. ताप व वांत्या या तिच्या प्रारंभीच्या लक्षणांवरून विषबाधेची शंका येण्याजोगी नव्हती. घराच्या जुन्या, पोपडे निघालेल्या रंगातील शिसे तिच्या पोटात गेले होते. लोहाची कमतरता असलेल्या मुलांच्या शरीरात शिसे अधिक शोषले जात असल्याने कुपोषित नवागत बालकांना हा धोका जास्त असतो. म्हणून अशा मुलांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण आगमनाच्या वेळी व काही महिन्यांनी पुन्हा तपासण्याची पद्धत पडली. डोळ्यांत घालावयाच्या काही सुरम्यांतही शिसे असते.

ब्रिटनमधील ग्लासगो शहरात १९६० नंतरच्या दशकात भारतीय उपखंडातून आलेल्या कुटुंबांतील मुलांत मुडदूस आढळू लागला. तेथील अपुरा सूर्यप्रकाश, अंगभर वस्त्रे, सावळी त्वचा व आहार या सर्वांचा तो संयुक्त परिणाम होता. ड जीवनसत्त्वाचा पुरवठा करण्याची मोहीम हाती घेतल्यावर त्याचे प्रमाण पुष्कळ घटले. स्वदेशात जी राहणी निर्धोक होती, तीच परक्या हवामानात अपुरी पडते, हे यावरून दिसते. पुढील वर्षांत गोड पेये व तयार अन्न यांचे वाढते सेवन आणि घटलेली हालचाल यांमुळे स्थूलता, मधुमेह व रक्तदाब यांचीही भर पडते.

मानसिक विकारांचे स्वरूप असेच संमिश्र असते. छळ, युद्ध वा आप्तांचा मृत्यू अनुभवलेल्यांत विषाद व आघातोत्तर ताण आढळतो; परंतु अनिश्चित कायदेशीर दर्जा, बेकारी व एकाकीपणा यांमुळे तो आगमनानंतर वाढतो. असे रुग्ण मनाच्या दुःखाविषयी क्वचितच बोलतात. डोके दुखणे, छातीत धडधडणे, झोप न लागणे, अंगात आग होणे अशा शारीरिक तक्रारी घेऊनच ते येतात.

परिचर्येची कार्यपद्धती : पहिल्या भेटीत विश्वास संपादन करणे हे सर्व तपासण्यांइतकेच महत्त्वाचे असते. येथे सांगितलेली माहिती पोलिसांकडे वा मालकाकडे जाणार नाही, हे प्रारंभीच स्पष्ट करावे लागते. भाषा समजत नसल्यास प्रशिक्षित दुभाषाचे साहाय्य घेतात. घरातील मुलास दुभाषा करणे अनिष्ट होय. आईची मासिक पाळी, गर्भपात किंवा नवऱ्याची मारहाण हे विषय मुलाच्या तोंडून विचारता येत नाहीत आणि गंभीर निदानाचा भारही त्याच्यावर टाकणे योग्य नसते. प्रश्न रुग्णाकडे पाहून विचारावेत व औषध कसे घ्यावयाचे, ते त्याच्याकडून उलट वदवून घ्यावे.

पूर्ववृत्तात जन्मस्थान, प्रवासाचा मार्ग, छावणीतील वास्तव्य, पूर्वीचे आजार, घरगुती औषधे, आहार, धंदा व सध्याचे घर यांची नोंद करतात. भूतकाळातील अत्याचारांचा तपशील सांगण्याची सक्ती करीत नाहीत. शारीरिक तपासणीत वजन, उंची, रक्तदाब, दात, दृष्टी व श्रवण पाहतात. सावळ्या त्वचेत फिकटपणा, निळसरपणा व कावीळ चटकन लक्षात येत नाही. त्यासाठी डोळ्यांच्या आतील अस्तर, ओठ, जीभ व तळहात पाहावे लागतात. लसीकरणाची लेखी नोंद नसल्यास लस घेतलेली नाही असे मानून ते नव्याने पूर्ण करतात.

परंपरागत उपचारांची माहिती परिचारिकेस असणे आवश्यक असते. व्हिएटनाम व कंबोडिया येथील लोकांत ताप आल्यास तेल लावून नाण्याच्या कडेने पाठ घासण्याची चाल आहे. १९७५ नंतर अमेरिकेत आलेल्या निर्वासितांच्या मुलांच्या पाठीवरील असे लाल वळ पाहून त्यांना मारहाण झाल्याचा ग्रह काही ठिकाणी झाला होता. अशा निरुपद्रवी प्रथांना धक्का न लावता घातक तेवढ्यांचीच समजूत घालून निराकरण करणे श्रेयस्कर ठरते. सांस्कृतिक भेदांची दखल घेणाऱ्या परिचर्येची शास्त्रशुद्ध मांडणी मॅडलीन लायनिंगर (१९२५–२०१२) या अमेरिकन परिचारिका व मानवशास्त्रज्ञ विदुषीने केली. स्त्रियांच्या तपासणीसाठी स्त्री-परिचारिका, प्रसूतिपूर्व काळजी व कुटुंबनियोजनाचा स्वेच्छ सल्ला यांची व्यवस्था करावी लागते. सोमालिया, सूदान इ. देशांतून आलेल्या काही स्त्रियांत बालपणी झालेल्या जननेंद्रियच्छेदनामुळे प्रसूतीत अडचणी येतात. त्यांच्या बाबतीत विशेष हळुवारपणा लागतो.

भारत व महाराष्ट्र : परदेशगमनाच्या संदर्भात वर्णिलेली ही लक्षणे देशांतर्गत स्थलांतरातही आढळतात, कारण भाषा, शिधापत्रिका, ओळखीचा दवाखाना व आप्तांचा आधार यांना मनुष्य तेथेही पारखा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोकण व घाटमाथ्यावरून मुंबईच्या गिरण्यांत आलेले मजूर चाळींतील एकेका खोलीत दाटीवाटीने राहत. १८९६ मध्ये शहरात प्लेग उद्‌भवल्यावर रेल्वे स्थानकांवर उतारूंची तपासणी आणि रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविणे सुरू झाले. धाकापोटी लोक आजारी माणसे लपवू लागले व लाखोंनी शहर सोडले. सक्तीने रोग झाकला जातो, हा अनुभव तेव्हापासूनचा आहे.

महाराष्ट्रातील हंगामी स्थलांतराचे ठळक उदाहरण म्हणजे ऊसतोड कामगार. बीड व आसपासच्या अवर्षणप्रवण भागातून लक्षावधी मजूर दसरा-दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. पति-पत्नीची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाते. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी ती पहाटेपासून काम करते आणि उसाच्या फडाजवळ कोपीत राहते. पाणी व शौचकूप यांच्या अभावी मूत्रमार्गाचे व जननमार्गाचे संसर्ग, अवजड मोळ्या उचलण्यामुळे पाठीचे विकार, कोयत्याच्या जखमा, सर्पदंश व रक्तक्षय हे तेथील नेहमीचे आजार होत. कामावर न गेल्यास खाडा धरला जातो. म्हणून पाळीच्या वा बाळंतपणाच्या काळातही विश्रांती मिळत नाही. गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण या स्त्रियांत मोठे असल्याचे उघडकीस आल्यावर राज्य शासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील सु. ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. साध्या औषधांनी व स्वच्छ पाण्याने टाळता येण्याजोग्या तक्रारींचा शेवट मोठ्या शस्त्रक्रियेत व्हावा, यातून प्राथमिक परिचर्येचा अभाव प्रकर्षाने दिसतो.

मार्च २०२० मध्ये कोव्हिड साथीमुळे टाळेबंदी झाल्यावर शहरांतील मजूर पायी गावाकडे निघाले, तेव्हा ते स्वतःच्याच गावात परके ठरले. त्यांना शाळांत वा गावाबाहेर वेगळे ठेवण्यात आले. सोललेले पाय, उपासमार, उन्हाचा त्रास व खंडित झालेली क्षयाची वा मधुमेहाची औषधे यांची विचारपूस करण्याचे काम मुख्यतः परिचारिका व आशा कार्यकर्त्या यांच्याकडे आले.

भारतात उपकेंद्रातील साहाय्यक परिचारिका-प्रसाविका आणि २००५ पासून नेमण्यात आलेल्या आशा कार्यकर्त्या हा या कार्याचा पाया आहे. परंतु त्यांची कार्यक्षेत्रे गावाच्या हद्दीप्रमाणे आखलेली असतात आणि वीटभट्टी, बांधकाम वा फडावरील कुटुंब कोणाच्याच यादीत नसते. हंगामापूर्वी व परतल्यावर आरोग्यतपासणी, कामाच्या ठिकाणी फिरते पथक, कोणत्याही केंद्रावर बालकाचे लसीकरण आणि आगमनाची सूचना एका जिल्ह्याने दुसऱ्यास देणे, हे यावरील उपाय होत. क्षयरोगाच्या बाबतीत २०१२ पासूनच्या ‘निक्षय’ या संगणकीय नोंदीमुळे रुग्णाची माहिती दुसऱ्या जिल्ह्याकडे वर्ग करता येते. तथापि नोंद पुढे गेली, तरी तिच्याआधारे रुग्णाच्या झोपडीपर्यंत जाणारी व्यक्ती असल्यावाचून उपचार पूर्ण होत नाहीत. माता-बाल संरक्षण कार्ड व औषधांची चिठ्ठी कुटुंबाजवळच ठेवण्यास सांगणे आणि पुढील मुक्कामी कोणाकडे जावयाचे, हे निघण्यापूर्वी समजावून देणे, ही साधी कामे परिचारिका कोणत्याही खर्चावाचून करू शकते.